साडेआठची रोजरी

यंदाच्या अंकाचा विषय 'घरातला देव' असा ठरला, तेव्हा मी संपादकांना विचारलं, देवघरांबद्दल लिहू, की देवासाठी घरातून वेळ कसा काढला जातो त्याबद्दल? त्यांना दुसरं हवं होतं. मग मी कॅथलिक घरं निवडली. आपल्याकडे बहुतेक घरांत पूजा एक जण करतो आणि बाकीचे येता-जाता हात जोडतात. कॅथलिक घरातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेला, म्हणजे रोजरीला मात्र सगळ्यांनी एका वेळी, एका खोलीत बसायचं असतं. ड्युटी, शिकवण्या आणि प्रवासाच्या या दिवसांत ते कसं जमतं आणि कुठे अडतं, हे मला पाहायचं होतं. सुरुवात केली जयपूरपासून, कारण वसईच्या एका ओळखीच्या घरातला थोरला मुलगा तिथे संसार थाटून आहे आणि त्याची आई म्हणाली, "आमची रोजरी बघायची तर आधी मुरलीपुऱ्याला जा. अर्धी तिकडेच होते."

मुरलीपुऱ्यातली खोली

मुरलीपुरा म्हणजे सीकर रोडच्या अंगाची वस्ती. हवामहल, जौहरी बाजार वगैरे पर्यटकांचं जयपूर इथून दूर राहतं. विश्वकर्मा औद्योगिक वसाहत जवळ असल्यामुळे संध्याकाळी पाळी सुटली की रस्ता मोटरसायकली आणि ई-रिक्षांनी भरून जातो. एका गल्लीत पहिल्या मजल्यावर हे चौघांचं कुटुंब भाड्याने राहतं. नवरा कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर, बायको खासगी रुग्णालयात नर्स. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. नावं छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही.

मी गेले तेव्हा सव्वाआठ झाले होते. वहिनी ड्युटीवरून येऊन तासही झाला नव्हता. कणीक मळून झाकून ठेवलेली, कुकर गॅसवर. मुलगा जमिनीवर पसरून शाळेच्या प्रकल्पाला चित्रं चिकटवत होता. बाहेरच्या खोलीत भिंतीला एक लाकडी फळी ठोकली आहे, तेच त्यांचं अल्तार. मध्ये येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, बाजूला वेलंकणी मातेची मूर्ती, पुढे बॅटरीवरची मेणबत्ती. खरी मेणबत्ती पंख्याने विझते आणि पंखा बंद केला तर जयपुरात बसवत नाही, म्हणून बॅटरीवरची. फळीखाली चार खिळे, चार जपमाळा. ज्याची त्याची वेगळी.

साडेआठला दोन मिनिटं असताना मुलीने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. पलीकडे वसईत आजी आधीच खुर्चीत बसलेल्या, डोक्यावरून पदर, हातात माळ. वहिनींनी गॅस बारीक केला. मुलाला दोनदा हाक मारावी लागली, तिसऱ्यांदा बाबांनी नुसतं पाहिलं आणि तो डिंकाचे हात पुसत आला. क्रूसाची खूण झाली आणि रोजरी सुरू झाली.

फोनवरची रोजरी ऐकायला सोपी वाटते, प्रत्यक्षात ती बसवावी लागली होती. या प्रार्थनेत एक जण अर्धी 'नमो मरिया' म्हणतो आणि उरलेली अर्धी बाकीचे म्हणतात. समोरासमोर बसलं की त्याला एक लय येते. फोनवर आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो. आजींचा पहिला भाग संपायच्या आत इकडचे सुरू होत, तिकडे ते आणखी उशिरा ऐकू जाई, आणि दोन्हीकडून एकदम आवाज आला की फोन त्यातला एक दाबून टाकी. सुरुवातीच्या महिन्यांत रोज गोंधळ. शेवटी मुलीने तोडगा काढला. एका घराने अख्खं दशक, म्हणजे दहा 'नमो मरिया', दोन्ही भागांसह म्हणायचं, तोवर दुसऱ्या घराने आपला माईक बंद ठेवून बरोबर म्हणायचं. पुढचं दशक दुसऱ्या घराचं. पाचातली तीन वसईची, दोन मुरलीपुऱ्याची. वहिनींची रात्रपाळी असेल त्या दिवशी मुरलीपुऱ्याचं एकच, आणि ते बाबा चालवतात.

दुसऱ्या दशकात कुकरची शिट्टी झाली. कुणी उठलं नाही. तिसऱ्या शिट्टीला वहिनी माळेवरचं बोट तसंच ठेवून उठल्या, गॅस बंद केला, तोंडाने प्रार्थना चालू ठेवत परत येऊन बसल्या. वीस-बावीस मिनिटांत सगळं आटोपलं. शेवटी प्रत्येकाने एकेक हेतू मांडला. आजींनी गुडघ्यांसाठी प्रार्थना सांगितली, मुलाने शुक्रवारच्या गणिताच्या परीक्षेसाठी, बाबांनी कारखान्यात बोट कापलेल्या एका सहकाऱ्यासाठी. वहिनी म्हणाल्या, वॉर्डातल्या सात नंबरच्या बाईसाठी. कोण, काय, हे कुणी विचारलं नाही. नंतर मला कळलं, दिवसभराची एकमेकांची खबर या घरात याच वेळी मिळते.

निरक्षरांचं स्तोत्र

कॅथलिक नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. रोजरी म्हणजे मरियामातेची जपमाळ. माळेत दहा-दहा मण्यांची पाच दशकं असतात. प्रत्येक दशकाच्या आधी येशूने शिकवलेली 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना, मग दहा वेळा 'नमो मरिया', शेवटी त्रैक्याचा गौरव. तोंडाने हे चालू असताना मनाने येशूच्या आयुष्यातला एक प्रसंग धरायचा असतो, त्याला 'रहस्य' म्हणतात. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं त्या मानाने नवी आहेत, पोप दुसरे जॉन पॉल यांनी ती २००२ मध्ये जोडली. वसईतल्या जुन्या बायकांपैकी काही जणी गुरुवारी अजून पुस्तकात पाहतात.

या माळेमागचा हिशोब मला फार आवडला. मठांतले संन्यासी आठवडाभरात स्तोत्रसंहितेतली १५० स्तोत्रं म्हणत. शेतात राबणाऱ्या, वाचता न येणाऱ्या माणसाने काय करावं? त्याने १५० वेळा 'नमो मरिया' म्हणावं. तीन प्रकारची रहस्यं, प्रत्येकाची पाच दशकं, मिळून दीडशे. म्हणजे ही प्रार्थना मुळातच ज्यांना सवड नाही आणि अक्षर नाही अशांसाठी घडली आहे. तिला धर्मगुरू लागत नाही, पुस्तक लागत नाही, चर्चची इमारत लागत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकात, मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य सामूहिक उपासना, लोकांच्या भाषेत होऊ लागली. त्याआधी ती लॅटिनमध्ये चाले आणि पुष्कळ भाविक मिस्सा चालू असतानाही बाकावर बसून माळ ओढत, कारण आपल्या भाषेतली, आपल्या तोंडातली प्रार्थना तीच होती.

त्याच परिषदेने १९६४ मध्ये कुटुंबाला 'घरातलं चर्च' म्हटलं. शब्द मोठा आहे आणि त्याचं ओझंही वाटू शकतं. मला जास्त जवळचं वाटलं ते पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबाविषयी लिहिलेल्या पत्रातलं म्हणणं. त्याचा आशय असा की रोज काही मिनिटं तरी सगळ्यांनी देवापुढे एकत्र यावं, आपल्या काळज्या त्याला सांगाव्यात, घरच्यांसाठी मागणं मागावं, आभार मानावेत. काही मिनिटं. ज्याच्या घरी नर्सची ड्युटी आणि कारखान्याची पाळी आहे त्याला हे माप झेपतं.

घंटा गेली, वेळ राहिली

मुरलीपुऱ्याची ही रोजरी जिथून आली त्या वसईत रात्रीच्या प्रार्थनेची वेळ ठरवायला पूर्वी घड्याळ लागत नसे. चर्चची घंटा दिवसातून तीनदा वाजे, सकाळी, दुपारी आणि तिन्हीसांजेला. देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाची छोटी प्रार्थना त्या ठोक्यांवर होई. वाडीत काम करणारा माणूस खुरपं खाली ठेवून उभा राही. तिन्हीसांजेच्या घंटेनंतर घराघरांतून रोजरीचा आवाज येऊ लागे. हिंदू घरात दिवा लागला की 'शुभंकरोती' म्हणायची ती हीच वेळ. माझ्या आजोळी त्या वेळेला झाडू मारत नसत आणि कुणाला पैसे देत नसत. वसईत त्या वेळेला कुणी कुणाच्या घरी जात नसे, गेलंच तर पाहुण्यालाही माळ मिळे.

वसईच्या घंटांची एक गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असते, पण या अंगाने आठवत नाही. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. विजयाची खूण म्हणून चर्चच्या घंटा मराठे सरदारांनी देशावर नेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर आहे ती त्यांतलीच, वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची दुसरी. मोठ्या आवाजाला 'नारोशंकराची घंटा' म्हणणारे आपण, त्या घंटेने पूर्वी कुणाला कशासाठी हाक मारली होती हे विसरून गेलो. पोर्तुगीज सत्ता गेली, वसईचे ख्रिस्ती शेतकरी मात्र आपल्या वाड्यांतच राहिले. पुढच्या काळात जे काही टिकलं, त्यात घरातल्या या माळेचा वाटा मोठा असला पाहिजे असं मला वाटतं. आजी नातवाला मांडीवर घेऊन म्हणे, नातू पाठ करी, एवढ्यावर ती चालत राहिली.

आज वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत आहे, १९९८ मध्ये तो मुंबईपासून वेगळा झाला. पण पानवेली आणि केळीच्या बागांची जागा इमारतींनी घेतली आणि माणसं लोकलला लागली. ज्या बायका पूर्वी पहाटेच्या गाडीने भाजी आणि फुलं घेऊन मुंबईला जात, त्यांच्या सुना आणि नाती आता त्याच मार्गावर बँकेत, रुग्णालयात, शाळेत जातात. चर्चगेटहून सातची गाडी धरली तर वसईला उतरून घरी पोहोचेपर्यंत नऊ वाजतात. तिन्हीसांज गाडीतच जाते.

गाडीतली माळ आणि माहीमचा बुधवार

म्हणून माळ गाडीत शिरली. वसईहून चर्चगेटला जाणाऱ्या बायकांच्या डब्यात सकाळी पाहिलंत, तर कुणीतरी खिडकीशी डोळे मिटून बसलेली असते आणि तिची बोटं पर्समध्ये हलत असतात. काही जणी बोटात दहा दाण्यांची अंगठी घालतात. उभ्याने, एका हाताने दांडी धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाणे मोजता येतात. एक दशक साधारण चार मिनिटांचं, म्हणजे दोन स्टेशनांच्या अंतरात एक बसतं. एका बँक कर्मचारी बाईंनी मला त्यांचा नेम सांगितला. वसई सुटल्यावर पहिलं दशक नवऱ्यासाठी, मग मुलांसाठी, सासूसाठी, ऑफिससाठी, आणि शेवटचं डब्यातल्या सगळ्यांसाठी. गर्दीत भांडण झालं की शेवटचं दशक आधी घ्यायचं.

दुसरी सोय माहीमची. सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेची नोव्हेना होते. ८ सप्टेंबर १९४८ ला ती सुरू झाली. सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक प्रार्थना, वेगवेगळ्या भाषांत, त्यात मराठीही. नऊ बुधवारांचा नेम धरायचा असतो. कॅथलिकांइतकेच हिंदू, मुसलमान, पारशी तिथे दिसतात. मेणाची छोटी घरं, मेणाचे हात-पाय, मेणाची बाळं हातात घेऊन लोक रांगेत उभे असतात. कामाला जाताना उतरून, प्रार्थना करून पुढची गाडी धरता येते, हे त्या नोव्हेनेच्या लोकप्रियतेचं एक कारण आहे असं मला तिथे उभं राहून वाटलं. श्रद्धेला माणसाच्या वेळापत्रकाची दखल घ्यावी लागते, आणि माहीमच्या चर्चने ती सत्तर वर्षांहून अधिक काळ घेतली आहे.

कॅथलिक धर्मनियमही या बाबतीत बराच समंजस आहे. रविवारची मिस्सा बंधनकारक, पण शनिवारी संध्याकाळची मिस्साही त्यासाठी चालते. आजाऱ्याला, तान्ह्या बाळाच्या आईला, ज्याला कामावरून सुटकाच नाही त्याला सूट आहे. आखातातल्या बहुतेक देशांत शुक्रवारी सुट्टी, म्हणून तिथले कॅथलिक शुक्रवारीच मोठ्या संख्येने मिस्सेला जातात. २०२० च्या टाळेबंदीत चर्चची दारं बंद झाली, तेव्हा मिस्सा मोबाईलवर आल्या आणि घरोघरी टीव्हीसमोर पांढरं कापड अंथरून मेणबत्त्या लागल्या. त्या दिवसांची सवय काही घरांना फळली, काहींना घातक ठरली. फळली ती मुरलीपुऱ्याला, फोनवरची रोजरी तेव्हाच सुरू झाली. घातक ठरली ती जिथे अंथरुणात पडून मिस्सा 'बघायची' सोय झाली, तिथे.

काय ठेवायचं, काय सोडायचं

वसईत मी एका घरी गेले तिथल्या बाई रडकुंडीला आल्या होत्या. सकाळचं समर्पण, दुपारी तीनला दैवी दयेची माळ, रात्री रोजरी, बुधवारी नोव्हेना, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी पवित्र हृदयाची भक्ती, उपवासकाळात दर शुक्रवारी क्रूसाची वाट, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येणाऱ्या साखळी प्रार्थना, 'अकरा जणांना पाठवा' म्हणणाऱ्या. एखादी चुकली की त्यांना अपराधी वाटे. नोकरी आणि दोन लहान मुलं सांभाळून हे सगळं करायला जाऊन त्यांची झोप गेली होती.

या बाईंना मी उपदेश करणं शोभलं नसतं. पण त्यांच्याच परंपरेतलं एक पुस्तक मला आठवत होतं. जिनिव्हाचे बिशप फ्रान्सिस दि सेल्स यांनी १६०९ मध्ये संसारी माणसांसाठी भक्तीची वाट सांगणारा ग्रंथ लिहिला. तोवर अशी पुस्तकं बहुतेक मठवासीयांसाठी असत. त्यांचं म्हणणं साधं आणि ठाम आहे. भक्ती ज्याच्या त्याच्या कामाला आणि ताकदीला बेतून हवी. बिशपने एकांतवासी संन्याशासारखं राहिलं, संसारी माणसाने फकिरासारखं काहीच साठवलं नाही, कारागीर दिवसभर चर्चमध्येच बसून राहिला, तर ती भक्ती उफराटी होईल. जी भक्ती माणसाच्या नेमल्या कामाच्या आड येते तिच्यात काहीतरी चुकतं आहे, इतकं स्पष्ट ते सांगतात.

त्यांच्याही दोनशे वर्षं आधीची रोमची संत फ्रान्सिस्का. लहान वयात लग्न झालेली, मुलंबाळं असलेली, मोठ्या घराची मालकीण. तिची कथा सांगतात की ती प्रार्थनेला बसली असताना नवऱ्याने हाक मारली, ती उठून गेली. परत येऊन तीच ओळ म्हणायला घेतली, पुन्हा हाक आली. असं चारदा झालं. पाचव्यांदा परत आली तेव्हा पुस्तकातली ती ओळ सोन्याच्या अक्षरांनी लिहिलेली होती. मराठी माणसाला यात परकं काही नाही. सावता माळी अरणच्या मळ्यातून पंढरपूरला गेला नाही, विठ्ठल मळ्यात आला. जनाबाईच्या जात्याला देवाने हात लावला. काम टाकून ये असं आपल्याही देवाने कुणाला सांगितलं नाही.

फ्रान्सिस्काची कथा त्या बाईंना त्यांच्या धर्मग्रामातल्या एका सिस्टरनेच आधी सांगितली होती. आणि सिस्टरने आणखी एक केलं. कागद घेतला आणि सगळे नेम लिहून काढायला लावले. त्यातला घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचा कोणता? रोजरी. बरं, पूर्ण जमते? रोज नाही. मग एकच दशक, पण सगळ्यांनी, रोज. जेवणाआधीची आभाराची प्रार्थना ठेवायची, ती अर्ध्या मिनिटाची आहे. रविवारची मिस्सा ठेवायची. बाकीचं ज्या दिवशी जमेल त्या दिवशी, नाही जमलं तर पाप नाही. साखळी प्रार्थना बंद. "पाप नाही" हे सिस्टरच्या तोंडून ऐकल्यावर आपण हलक्या झालो, असं त्या म्हणाल्या.

मला हा सल्ला अगदी योग्य वाटतो. ज्या घरांत पाच दशकांचा हट्ट धरला जातो तिथे मी काय पाहिलं, तर आजी एकटी अल्तारापुढे आणि बाकीचे आपापल्या खोलीत. ज्या घरांनी एक दशक पत्करलं तिथे पंधरा वर्षांचा मुलगाही बसलेला दिसला, पाय हलवत का होईना. ऑक्टोबर हा रोजरीचा महिना, पोप तेरावे लिओ यांनी १८८३ मध्ये तो तसा ठरवून दिला. पुष्कळ घरं वर्षभर एक दशक म्हणतात आणि ऑक्टोबरात पूर्ण पाच. मे महिन्यात वाडीतल्या क्रूसाजवळ सगळी आळी जमते. तिथे मुलं आपण होऊन येतात, कारण नंतर खाऊ असतो आणि सुट्टीही असते.

माळ चालवतं कोण

एका गोष्टीबद्दल मात्र फार कमी बोललं जातं. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत सगळ्यांना गोळा करणं, टीव्ही बंद करणं, मेणबत्ती लावणं, रहस्य सांगणं आणि मध्येच पेंगणाऱ्याला हलवणं, ही सारी कामं बाईच्या वाट्याला आहेत. तीच बाई कामावरून आलेली असते आणि तिलाच नंतर ताटं वाढायची असतात. अशाने प्रार्थना हे तिचं आणखी एक काम होऊन बसतं, आणि ती थकली की घरातली प्रार्थना थकते. 'आमच्याकडे हल्ली होत नाही' असं ज्या घरांनी सांगितलं, त्यांच्यापैकी अनेकांत मी पुढे विचारलं, केव्हापासून? उत्तर आलं, आई आजारी पडल्यापासून, किंवा सून नोकरीला लागल्यापासून. मुलगा कामाला लागल्यापासून बंद पडली असं कुणी म्हणालं नाही.

मुरलीपुऱ्यात यावर उपाय झाला तो गरजेतून. वहिनींच्या रात्रपाळ्या सुरू झाल्या तेव्हा पहिल्या आठवड्यात रोजरी झालीच नाही. नवऱ्याला रहस्यांचा क्रम येत नव्हता, लहानपणापासून तो फक्त उत्तराचा भाग म्हणत आला होता. मुलीने त्याला कागदावर लिहून दिलं, तो कागद अजून अल्तारावर तसबिरीमागे आहे, डागाळलेला. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार बाबांचे. मंगळवार मुलीचा. गुरुवार मुलाचा, प्रकाशाची रहस्यं त्याला तोंडपाठ आहेत आणि याचा त्याला अभिमान आहे. वहिनींकडे शनिवार-रविवार. ज्याचा वार, त्यानेच फोन लावायचा आणि सगळ्यांना बोलवायचं.

कुठल्या भाषेत

मुरलीपुऱ्याचा मुलगा रोजरी म्हणत होता तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्याच्या 'नमो मरिया'त मध्येच हिंदी शब्द येतात. रविवारी चर्चमध्ये तो 'प्रणाम मरिया' ऐकतो, शाळेत इंग्रजी 'हेल मेरी', घरी आजीची मराठी. राजस्थानात ख्रिस्ती माणूस विरळा. २०११ च्या जनगणनेत राज्यात त्यांचं प्रमाण ०.१४ टक्के होतं, मोजून एक लाखाच्याही आत. जयपूर धर्मप्रांत २००५ मध्ये अजमेरपासून वेगळा झाला. घाट गेटजवळचं सेक्रेड हार्ट हे शहरातलं जुनं चर्च. मुरलीपुऱ्याहून तिथे जायचं म्हणजे स्कूटरवर चौघं मावत नाहीत, दोन फेऱ्या किंवा रिक्षा. मिस्सेला दक्षिणेकडचे, झारखंडकडचे, गोव्याकडचे, असे सगळीकडचे लोक असतात. प्रत्येक घराची घरातली प्रार्थना वेगळ्या भाषेत, चर्चमधली हिंदीत. मराठी मिस्सेची सवय असलेल्या वहिनींना पहिली दोन वर्षं 'आपण पाहुणे' वाटत राहिलं.

वसईतही भाषेचा पेच आहेच. घरची बोली कुणाची सामवेदी, कुणाची वाडवळी. पुस्तकातली प्रार्थना प्रमाण मराठीत. मुलं इंग्रजी शाळेत. इंग्रजीतून पापनिवेदन करणारी मुलगी आजीबरोबर मराठीत रोजरी म्हणताना अडखळते आणि मग बसायचं टाळते. एका घराने पहिली तीन दशकं मराठी, शेवटची दोन इंग्रजी असं ठरवलं आहे. आजी इंग्रजीत उत्तर देते, शब्द चुकतात, पण देते. मला ही आजी फार मोठी वाटली. हट्ट सोडणाऱ्या माणसांमुळेच घरातली प्रार्थना पुढच्या पिढीकडे जाते.

मराठीत ख्रिस्ती भक्तीची जागा किती जुनी आहे हे मात्र त्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, ही भाषा शिकले, तिच्यावर जीव जडवला आणि १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं, ओवीत, आपल्या पुराणांच्या धाटणीवर. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुनी पुराणं ऐकण्याची सवय होती, त्यांना तशाच गोडीचं काही हवं होतं. आमच्या काळात वसईच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध केलं, १९८३ ते २००७ 'सुवार्ता' मासिक चालवलं आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. वसईतल्या घरांमध्ये 'सुवार्ता'चे जुने अंक मी अल्ताराखालच्या कपाटात जपून ठेवलेले पाहिले.

वेळ कशी ठरली

शेवटी मी वसईला त्या आजींच्या घरी गेले. केळीच्या चार झाडांमागे कौलारू घर, शेजारी सात मजली इमारत. त्यांच्या अल्तारावर खरी मेणबत्ती आहे. मालक गेल्यापासून त्या एकट्या राहतात. धाकटा मुलगा कुवेतला, मुलगी लग्न होऊन विरारला.

रोजरी साडेआठलाच का, हे मला तिथे कळलं. या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या घंटेवर, तिन्हीसांजेला होत आली होती. पण मुरलीपुऱ्याची सून आठच्या आत घरी पोहोचत नाही. विरारच्या लेकीचा नवरा साडेआठच्या आधी स्टेशनवरून येत नाही. आणि कुवेतची घड्याळं आपल्या अडीच तास मागे. आपले साडेआठ म्हणजे तिकडे संध्याकाळचे सहा, धाकट्याची पाळी सुटायची वेळ. तो बसमधून कानात वायर घालून ऐकतो, बोलत नाही. त्याचा वाटा म्हणजे शेवटचा हेतू, तो लिहून पाठवतो आणि आजी वाचून दाखवतात. आजींनी स्वतःचं जेवण आठला आणलं, गोळ्यांची वेळ डॉक्टरांना विचारून बदलून घेतली.

शेजारच्या इमारतीतली एक कॅथलिक नसलेली बाई अधूनमधून येऊन बसते. तिला फक्त मोठ्या माणसांबरोबर थोडा वेळ बसायचं असतं, असं आजी म्हणाल्या. तिलाही त्यांनी एक माळ दिली आहे.

मी निघताना आजी मुरलीपुऱ्याला फोन लावत होत्या. कुवेतच्या मुलाची पाळी पुढच्या महिन्यापासून बदलणार, तो पावणेसातला सुटणार. म्हणजे इकडे सव्वानऊ. नातवाची सकाळची शाळा, त्याला नऊला झोपवायचं असतं. "मग त्याचं दशक आपण साडेआठलाच घेऊ," आजी सुनेला सांगत होत्या, "तो झोपू दे. बाकीची चार सव्वानऊला."